उंबऱ्याबाहेरची नोकरी

पिंपळे सौदागरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत सर्वेवाली मुलगी गेली की आधी तिचीच मुलाखत होते, गेटवर. कोणाकडे जायचंय? फ्लॅट नंबर? त्यांनी बोलावलंय का? तिला बोलावलेलं कोणीच नसतं. नियमाप्रमाणे तिला दर आठवं दार वाजवायचं असतं, आणि ही गोष्ट वॉचमनला इंटरकॉमवर एका वाक्यात सांगता येत नाही. वरून 'नको' येतं. मुलगी टॅबवर 'नकार' नोंदवते, बाटलीतलं पाणी पिते आणि पुढच्या गेटकडे चालू लागते.

याच गावात शंभरहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मान सहकाऱ्यांना घेऊन बांधाबांधावरून फिरले होते. त्यांचं पुस्तक १९१७ साली आलं. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे झाले होते आणि त्यातले ४६३ एक एकराहूनही लहान होते. शेतीच्या तुकडीकरणावर बोलणाऱ्यांना हे आकडे शतकभर पुरले. तेव्हा गोऱ्या साहेबाला दार लावून घेणं गावाच्या हातात नव्हतं. आज आहे, आणि ते बरंच आहे. फक्त, लावलेल्या दाराबाहेर जी मुलगी उभी आहे तिचं काय, हा प्रश्न उरतो.

तो माझ्यापुढे आला तो अगदी घरगुती वाटेने. ओळखीच्या दोन-तीन घरांतून वर्षभरात विचारणा झाली, 'सर्वेचं काम मिळतंय, घ्यावं का?' जाहिराती साधारण एकाच साच्याच्या असतात. पदवीधर हवा, मराठी-हिंदी बोलता यावं, स्वतःचा अँड्रॉइड फोन असावा, दुचाकी असल्यास प्राधान्य. पगाराच्या जागी 'आकर्षक मानधन'. मी स्वतः कॉलेजनंतरचे दोन उन्हाळे या कामात काढले असल्याने झटकन 'हो' किंवा 'नको' म्हणवत नाही.

आधी या कामाच्या बाजूने बोलतो.

सोलापूरच्या पूर्व भागात एका संशोधन संस्थेच्या पाहणीवर होतो. एका दारात बाई बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं, कडेला तंबाखूचा ढीग. बोटं चालूच होती. मी कागदावरचा प्रश्न वाचला, 'आपण काही काम करता का?' बाई म्हणाल्या, 'नाही, घरीच असते.' मी 'नाही'वर गोल करणार, एवढ्यात आमच्या सुपरवायझर बाईंनी माझ्या मनगटाला हलकेच हात लावला. त्या खाली फरशीवर बसल्या, तेलुगूत दोन शब्द बोलल्या, बाई हसल्या. मग सहज विचारल्यासारखं, 'दिवसाला किती होतात हो?' 'हजार. हळदीकुंकू असलं की सातशे.' 'आणि कारखान्यातलं कार्ड कोणाच्या नावावर?' 'सासूबाईंच्या.' त्या कुटुंबाचं अर्धं अर्थशास्त्र या चार वाक्यांत बाहेर आलं. माझ्या हातून 'घरकाम' या रकान्यात जाणारी बाई त्यांच्या एका जोडप्रश्नाने कामगार म्हणून मोजली गेली.

केंद्राच्या श्रमबल पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. यातल्या किती खरोखर नव्याने कमवायला लागल्या आणि किती जणी घरच्या शेतावर नि दुकानात बिनपगारी राबत होत्याच, यावर अर्थतज्ज्ञांचं भांडण चालू आहे. ते वाचताना मला दर वेळी ते सूप दिसतं. दारात बसून कोणी, कसं आणि किती धीराने विचारलं, यावर आकडा हलतो.

म्हणजे काम हलकं नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या घरखर्चाच्या आकड्यांवर उभा होता. पी. सी. महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झालेली ही पाहणी. त्या आकड्यांच्या तळाशी कुठल्या तरी ओसरीवर बसून 'महिन्याला ज्वारी किती लागते' असं विचारणारा एक पगारी माणूस होता. आजही प्रश्न तोच आहे, फक्त त्याला वेगवेगळी मुदत लावलेली असते. तेल, भाजी, अंडी, मासे यांचा हिशेब गेल्या ७ दिवसांचा; कपडेलत्ते, चपला, शिक्षण यांचा ३६५ दिवसांचा; धान्य, वीजबिल असलं बाकीचं ३० दिवसांचं. कुठल्या घरात तेल सात दिवसांच्या हिशेबाने येतं? बाई म्हणते, 'पुडा आणलाय, संपत आलाय.' तो कधी फोडला, मधे पाहुणे येऊन गेले का, तळण झालं का, असं करत करत किलोच्या आकड्यापर्यंत यायचं. आणि तेही तिच्या तोंडात उत्तर न घालता.

याहून नाजूक काम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतलं. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होणाऱ्या या पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ दरम्यान, सुमारे ६ लाख ३७ हजार घरं झाली. त्यात घरातल्या हिंसेबद्दलचे प्रश्न आहेत. ते निवडलेल्या एकाच बाईला, आजूबाजूला कोणी नसताना विचारायचे. एकांत मिळाला नाही तर विचारायचेच नाहीत, असा नियम. दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळवणं म्हणजे काय ते फील्डवर गेल्याशिवाय कळत नाही. नेमक्या तेव्हाच सासूबाई चहा घेऊन येतात आणि 'विचारा की, आमच्या घरात लपवायचं काही नाही' म्हणत समोर बसतात. तिथे प्रश्न बदलून मुलांच्या लसीकरणावर जाणं, चहा पिणं, सासूबाईंचं ब्लडप्रेशर तपासायला सहकारी मुलीला पुढे करणं आणि मग परत त्या पानावर येणं, हे कौशल्य कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही. दोन वर्षं हे केलेल्या मुलीला पुढे कुठल्याही बँकेत, दवाखान्यात, संस्थेत माणसांशी बोलायला शिकवावं लागणार नाही.

आता दुसरी बाजू. ती पैशाची आहे.

बाजारपेठेच्या पाहण्यांत बहुतेक ठिकाणी फॉर्मवर पैसे मिळतात. फॉर्म पूर्ण झाला, तपासणीत पास झाला, तरच. कुलूपबंद घर, अर्ध्यातून उठून गेलेले काका, कुत्रं मागे लागलेला बंगला, 'मिस्टर घरी आल्यावर या' म्हणणाऱ्या वहिनी, यांचा मोबदला शून्य. मिस्टर घरी येतात संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी. म्हणजे कामाची वेळ नेमकी तीच, जेव्हा मुलीच्या घरून 'निघालीस का' म्हणून फोन येत असतात. आणि दिवसभर वस्त्यांतून फिरताना स्वच्छतागृह कुठे, हा प्रश्न कुठल्याच प्रश्नावलीत नसतो.

या पद्धतीतून आणखी काय होतं ते स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. दुसऱ्या उन्हाळ्यात कपडे धुण्याच्या पावडरीच्या एका पाहणीत एका घरी तिसऱ्यांदा गेलो, तर बाई शेवटचं पान राहिलेलं असताना गावाला निघून गेल्या होत्या. ते सहा प्रश्न मी पंढरपूरच्या एसटी स्टँडवर बसून स्वतःच भरले. 'पुढच्या वेळी कोणती पावडर घ्याल' याला मी त्यांच्या वतीने मोठ्या विचाराने उत्तर दिलं होतं. चार दिवसांनी बॅकचेक, म्हणजे फॉर्मची फेरतपासणी, झाली. बाईंनी सांगितलं, असं कोणी विचारलंच नाही. त्या दिवसाचे माझे बाराच्या बारा फॉर्म रद्द झाले, त्यात खरेखुरे भरलेले अकराही गेले. चूक माझी होती, तिची शिक्षाही योग्यच होती. पण तिसऱ्यांदा त्या दारात जाण्याच्या एसटीभाड्याचा विचार त्या व्यवस्थेत कुणीच केलेला नव्हता, हेही तितकंच खरं.

आता टॅब आला. जीपीएस जागा सांगतो, मधूनच आवाज रेकॉर्ड होतो, फॉर्म ठरलेल्या वेळेच्या फार आधी संपला की ऑफिसात लाल खूण उमटते. घरबसल्या फॉर्म भरणं अवघड झालं, ही चांगलीच गोष्ट. मात्र तंत्रज्ञानाचा सगळा खर्च चोर पकडण्यावर झाला. बंद दारापर्यंत केलेली पायपीट टॅबला मिनिटा-मीटरासकट माहीत असते, तरी तिचे पैसे द्यावेत असं कुणाला वाटत नाही.

एजन्सीवाल्यांचं म्हणणंही ऐकायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. काम टेंडरवर मिळतं, कमी दराला मिळतं. पाहणी तीन महिन्यांची असते. आज नांदेड, मग चार महिने काहीच नाही, मग एकदम कोल्हापूर. बारा महिने माणसं पोसायची कशी? खुद्द केंद्राच्या पाहण्यांतही घरोघर जाणाऱ्यांमध्ये कंत्राटी मुलामुलींचा मोठा भरणा आहे. सरकारला जे जमत नाही ते आम्हाला कसं जमावं, असं ते विचारतात. या प्रश्नाला माझ्याकडे चोख उत्तर नाही. फॉर्मऐवजी दिवसावर किंवा भेटीवर पैसे दिले तर खर्च वाढेल हे उघड आहे. पण रद्द झालेले फॉर्म, पुन्हा पाठवलेली माणसं आणि संशयास्पद आकडे यांचाही खर्च असतो. तो टेंडरच्या कागदावर दिसत नाही इतकंच.

पक्क्या नोकऱ्या आहेत, पण त्यांचा रस्ता निराळा. केंद्रात कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी व्हायचं तर कर्मचारी निवड आयोगाची पदवीधर परीक्षा. त्यासाठी बारावीला गणितात ६० टक्के किंवा पदवीला संख्याशास्त्र हा विषय हवा. मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालयात अन्वेषक, सांख्यिकी सहायक ही पदं आहेत, भरती निघाली की तिथेही परीक्षाच. मला खटकतं ते असं, की पाच वर्षं उन्हातान्हात फिरून ज्याने शेकडो घरांचे फॉर्म नीट भरले त्याला या परीक्षेत त्याचा काडीचा फायदा नाही, आणि जो पास होतो त्याने एकही दार वाजवलेलं नसतं. या व्यवसायात शिडी आहे, पण तिची पहिली पायरी फील्डवर ठेवलेलीच नाही.

आणि सगळ्यांत मोठी मोजणी तर या धंद्याच्या हाती येतच नाही. जनगणना शिक्षक आणि सरकारी कर्मचारी करतात; २०११ मध्ये असे सुमारे २७ लाख लोक कामाला लागले होते. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, ती मोबाईल अॅपवर होणार आहे, लोकांना स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय आहे. राज्य मागासवर्ग आयोगाने मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबांची पाहणी केली तीही २३ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२४ या अकरा दिवसांत, दीड कोटीहून अधिक घरांत, आणि बरीचशी गुरुजींच्या व पालिका कर्मचाऱ्यांच्या जिवावर. एवढी लांबलचक प्रश्नावली एवढ्या थोड्या दिवसांत, थोडक्या प्रशिक्षणावर भरून घेतली गेली. ज्यांना विचारण्याचीच सवय आहे अशी माणसं राज्यात होती, ती घरी बसून होती.

यंत्राचं भय किती धरायचं? थोडं धरायलाच हवं. बाजारपेठेच्या छोट्या पाहण्या फोनवर आणि ऑनलाइन चालल्या आहेत. साबणाचा रंग आवडला का, जाहिरात आठवते का, असल्या प्रश्नांसाठी दारात माणूस पाठवणं कंपन्यांना परवडेनासं होईल, आणि त्यावर पोट असलेल्यांचं काम घटेल. पण फोनचीही दमछाक होते. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरच्या टेलिफोन पाहण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद मिळायचा, २०१८ मध्ये तो ६ टक्क्यांवर आला. आपल्याकडे अनोळखी नंबर दिसला की आपण काय करतो ते सांगायला नको. शिवाय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. फोनवरच्या पाहणीत त्या सोलापूरच्या बाईंऐवजी त्यांच्या मुलाने उत्तर दिलं असतं, 'आई? घरीच असते.'

सरकारची भूक तर वाढते आहे. श्रमबल पाहणीचे आकडे जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या रचनेत दर महिन्याला येऊ लागले. २०२२-२३ च्या घरखर्चाच्या पाहणीत २ लाख ६१ हजारांवर घरं होती आणि एकेका घरी तीन-तीन वेळा जायचं होतं. घरगुती उत्पन्नाची देशव्यापी पाहणी २०२६ मध्ये घेण्याचंही केंद्राने जाहीर केलं. तिच्या पूर्वचाचणीत बहुतेकांना हे प्रश्न नाजूक वाटले. साहजिक आहे. 'खर्च किती' असं शेजारीण विचारते, 'मिळकत किती' असं आयकरवाला. हा प्रश्न घेऊन कोणी दारात जायचं असेल तर ते अकरा दिवसांत तयार केलेलं माणूस असून चालणार नाही. तेव्हा काम राहणार, आणि अवघड होत जाणार, एवढं मी धरून चालतो. पगार त्याच गतीने वाढेल असं धरून चालायला मात्र काही आधार दिसत नाही. उलट, २०१७-१८ च्या घरखर्चाच्या पाहणीचे निकाल सरकारने २०१९ मध्ये दर्जाचं कारण सांगून बाजूला ठेवले. वर्षभराची चाल फुकट गेली, आणि दर्जा राखायला दारापर्यंत गेलेल्यांना काय लागतं, हे त्यांनाच विचारावं असं काही घडलेलं आठवत नाही.

तर त्या घरांना मी काय सांगितलं? एकीला 'जरूर घे' म्हटलं. ती बाविशीची, समाजकार्याची पदवी, पुढे शिकायचंय. दोन वर्षं फील्ड कर, पण त्याच दोन वर्षांत एक्सेल शीक, टॅबवरची प्रश्नावली ज्या सॉफ्टवेअरवर बनते ते सर्व्हेसीटीओ नाहीतर कोबो शीक, जमलं तर सुपरवायझर हो आणि मग माहिती तपासणाऱ्यांच्या टेबलाकडे सरक. पैसा आणि सावली दोन्ही तिकडे आहेत. दुसऱ्या घरी मात्र तिशीतला, लहान मूल असलेला, आधीची नोकरी गेलेला गृहस्थ होता. त्याला म्हटलं, हातचं दुसरं काही असेल तर ते सोडून यात येऊ नकोस. मधल्या रिकाम्या महिन्यांचं भाडं कोणी देत नाही. दोघांनाही सही करण्याआधी विचारायला सांगितलं ते एकच होतं. रद्द फॉर्मचे पैसे कापता का आणि कारण लेखी देता का, बंद घराच्या फेरीचं काय, प्रवास आणि मोबाईल डेटा कोणाचा, फोटोचं ओळखपत्र आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या पत्राची प्रत आमच्याकडे असेल का. शेवटच्या प्रश्नावर जो एजन्सीवाला हसतो त्याच्याकडे जाऊ नये.

बाविशीची ती मुलगी परवा फोनवर बोलत होती. तिचं प्रशिक्षण रोजगाराच्या पाहणीचं होतं. माणसाला संकेतांक द्यायचा असतो. स्वतःचा धंदा असेल तर ११, घरच्या कामात बिनपगारी मदत २१, पगारी नोकरी ३१, मोलमजुरी ५१, फक्त घरकाम ९२. आणि पगारी म्हटलं की पुढचे प्रश्न येतात: नोकरीचा लेखी करार आहे का, भरपगारी रजा मिळते का, भविष्यनिर्वाह निधी वगैरे काही आहे का. सरावासाठी वर्गात मुलांना जोड्या करून एकमेकांना हे विचारायला लावलं होतं. 'तुला काय नंबर मिळाला?' मी विचारलं. ती म्हणाली, 'अजून वाद चालू आहे. मी ३१ म्हणत होते. पुढच्या तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर नाही आलं, तेव्हा समोरची म्हणाली, ५१ लिहू का?'